सांडपाण्यावर सूक्ष्मशेवाळ: गोव्यातल्या छोट्या हॉटेलसाठी तळं, पाणी, गॅस आणि तेल यांचा हिशेब

खाजनकार

बार्देशात किनाऱ्यालगत अनेक ठिकाणी मलवाहिनी पोचलेली नाही. तिथल्या छोट्या हॉटेलांनी आणि सोसायट्यांनी शेवाळाचं तळं करावं का, हे आकड्यांवर तपासण्यासाठी हा धागा काढतो आहे. ‘शेवाळापासून डिझेल’ वाचून बरेच जण या विषयाकडे वळतात, म्हणून फायद्यांचा क्रम आधीच सांगतो. पहिलं स्वच्छ पाणी, दुसरी वाचलेली वीज, तिसरा गॅस आणि खत. तेल सगळ्यांत शेवटी.

उदाहरणाला २० खोल्यांचं हॉटेल घेऊ, दिवसाला १०,००० लिटर सांडपाणी. सेप्टिक टँक किंवा बॅफल (आडपडदे) असलेली अवायुजीवी, म्हणजे हवेविना मळ कुजवणारी टाकी आधी हवीच. तिच्यात घन मळ बसतो आणि बीओडी (मळ कुजवायला जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) २०० वरून साधारण ११० मि.ग्रॅ./लिटरवर येतो. नायट्रोजन मात्र तिथे फारसा कमी होत नाही, ४० मि.ग्रॅ. धरा. म्हणजे रोज ४०० ग्रॅम नायट्रोजन आणि १.१ किलो बीओडी तळ्यात येणार.

तळं ३० सें.मी. खोल, पाणी सहा दिवस राहील असं. ६० घनमीटर भागिले ०.३, म्हणजे २०० चौरस मीटर. चौरस मीटरला रोज १५ ग्रॅम कोरडं शेवाळ धरलं तर ३ किलो होतं. एक किलो शेवाळ वाढताना अंदाजे दीड किलो ऑक्सिजन सोडतं, म्हणजे साडेचार किलो. बीओडीसाठी लागतो त्याच्या चौपट. जीवाणू मळ खाऊन कार्बन डायऑक्साइड देतात, शेवाळ तो घेऊन ऑक्सिजन देतं, आणि ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारा पंप) लागत नाही. विल्यम ओस्वाल्ड यांनी कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात उथळ, सतत फिरत्या पाण्याचं तळं मांडलं ते याच देवाणघेवाणीवर.

नायट्रोजनचं गणित इतकं सरळ नाही. शेवाळात ८ टक्के नायट्रोजन धरला तर ३ किलोत २४० ग्रॅमच अडकतो. उरलेल्यातला काही अमोनिया होऊन उडतो, काही नायट्रेट होतो, काही पाण्याबरोबर बाहेर जातो. त्यामुळे हे पाणी ओढ्यात सोडण्यापेक्षा माडांना आणि बागेला देणं केव्हाही बरं.

चिरेबंदी

खाजनकारबाब, बांधकामाचं मी लिहितो.

भिंती चिऱ्याच्या, ६० सें.मी. उंच. आतून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ७५० मायक्रॉनचं एचडीपीई (प्लास्टिकचं) अस्तर. नुसत्या गिलाव्यावर थांबू नये. जांभा पाणी पितो आणि पावसाळ्यात जमिनीतली पाण्याची पातळी वर आली की बाहेरून आत झिरपतो. अस्तराखाली वाळूचा थर आणि निचऱ्याची सच्छिद्र नळी घाला, नाहीतर जून-जुलैत अस्तर खालून फुगून वर येतं.

आकार लांबट, मध्ये एक आडभिंत आणि दोन्ही टोकं अर्धगोल. एक गाळा ३.३ मीटर रुंद ठेवला तर लांबी ३० मीटरच्या आसपास येते. वळणावर आतल्या बाजूला पाणी थबकतं, तिथे गाळ बसून कुजतो आणि वास येतो. म्हणून प्रत्येक वळणावर पत्र्याचे किंवा एफआरपीचे (फायबरग्लासचे) दोन वक्र पडदे उभे करा. तळाची पातळी दोन सें.मी.पेक्षा जास्त वरखाली नको.

पाणी फिरवणारं पॅडल व्हील सव्वा मीटर व्यासाचं, सहा ते आठ पाती, पातं आणि तळ यात दोन-तीन सें.मी. अंतर. चाक मिनिटाला ८ ते १० फेरे, पाण्याचा वेग सेकंदाला २० सें.मी. गिअर मोटर पाव अश्वशक्तीची, व्हीएफडीसकट (मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण). वेग १५ च्या खाली गेला की शेवाळ तळाशी बसतं. ३० च्या वर नेलं तर वीज वाया जाते, कारण वेग दुप्पट केला की लागणारी शक्ती साधारण आठपट होते. दांडा स्टेनलेस ३१६ चा घ्या. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत साधं लोखंड आणि स्वस्त गॅल्व्हनाइज्ड टिकत नाही. बेअरिंग पाण्याच्या बाहेर, ग्रीस देता येईल असं.

गच्चीवर तळं करण्याची कल्पना पुढे येईलच. ३० सें.मी. पाण्याचा भार चौरस मीटरला ३०० किलो होतो. माणसांच्या वावरासाठीच्या साध्या गच्चीचा स्लॅब सहसा १५० किलोच्या भारासाठी काढलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय तो विचार करू नका.

पाटाचं_पाणी

२०० चौरस मीटर जागा कळंगुट-कांदोळीत कोणाकडे आहे? आणि आपल्याकडे वर्षाला ३००० मि.मी.च्या घरात पाऊस. उघडं तळं जुलैत कसं तगणार?

खाजनकार

जागेचा आक्षेप खरा आहे. ज्यांच्याकडे परसू किंवा कुळागर (माड-पोफळीची बाग) नाही त्यांनी एमबीबीआर किंवा एसबीआर (हवा देऊन टाकीत सांडपाणी शुद्ध करणारे संच) घ्यावा, ते थोड्या जागेत बसतात. शेवाळ आतल्या गावांत शोभतं: हळदोणे, शिवोली, पेडण्याचा भाग, सत्तरी, काणकोण.

पावसाचं गणित मांडू. दिवसात १०० मि.मी. पडला तर २०० चौरस मीटरवर २० घनमीटर पाणी आलं, म्हणजे रोजच्या आवकेच्या दुप्पट. सहा दिवसांचा मुक्काम दोनवर येतो. शेवाळ दुप्पट व्हायला ढगाळ हवेत दोन दिवस सहज लागतात. म्हणजे ते वाढतं त्या वेगाने धुऊन जातं. असे सलग चार दिवस गेले की तळं फिकं पडतं.

म्हणून मिरगाआधी २०० मायक्रॉनच्या यूव्ही-स्थिर पॉलिथिनचं उतरतं छत चढवायचं आणि चवथीनंतर पाऊस ओसरला की उतरवायचं. कडेच्या बाजू पूर्ण उघड्या. बंद पॉलिहाऊस केलं तर उघडीप पडलेल्या दिवशी पाणी ३८ अंशांच्या वर जाऊ शकतं आणि क्लोरेला हे एकपेशी शेवाळ तिथे मार खातं. छत असलं तरी कमी उजेडामुळे उत्पादन निम्म्यावर येतं, हे गृहीत धरून पावसाळ्यासाठी एक जादा साठवण टाकी ठेवावी. हॉटेलचा मंदीचा काळही तोच, आवक कमी असते, ते पथ्यावर पडतं.

एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा. दिवसाला ५-६ मि.मी. बाष्पीभवन म्हणजे घनमीटरभर पाणी उडून जातं आणि क्षार वाढतात. त्या दोन महिन्यांत खोली ४० सें.मी. करा, म्हणजे दुपारचं तापमान आटोक्यात राहतं.

पीएचमीटर

आपल्या भागात हमखास चुकतं ते आम्ल-अल्कतेचं, आणि त्यावर कोणी बोलत नाही.

जांभ्यातलं विहिरीचं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, क्षारता फार कमी. त्यामुळे सांडपाण्यालाही पीएच सांभाळण्याची ताकद कमी. शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि दुपारी तीनपर्यंत पीएच ७.५ वरून १० च्या वर जातो. ३० अंश तापमानाला पीएच ८ असताना अमोनियातला जेमतेम ७-८ टक्के भाग मुक्त वायुरूपात असतो. ९ ला तो ४५ टक्क्यांच्या आसपास आणि साडेनऊला ७० च्या वर. ४० मि.ग्रॅ. नायट्रोजन असेल तर पीएच ९ ला मुक्त अमोनिया १८ मि.ग्रॅ. होतो. साधारण २० च्या पुढे शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण मंदावायला लागतं. लोक म्हणतात तळं ‘आळसावलं’, पण अमोनियाने त्याचा श्वास कोंडलेला असतो.

उपाय कार्बनचा. सांडपाण्यात कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण ३ ला १, शेवाळाला लागतं ६ ला १. किलोभर शेवाळाला १.८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपल्या ३ किलोला ५.४ किलो. मळातून काही मिळतो, बाकीचा बाहेरून. हॉटेलच्या एलपीजी बॉयलरचा धूर थंड करून सोडता येतो. नळी तळ्यात कुठेही टाकली तर ३० सें.मी. उंचीत बुडबुडे न विरघळताच निघून जातात. पॅडल व्हीलच्या पुढे दीड मीटर खोल खड्डा करा, मध्ये उभी फळी घाला, पाणी खाली जाऊन वर येईल असं, आणि डिफ्यूझर पाणी खाली उतरतं त्या बाजूला. पीएच ८.२ ला झडप उघडेल, ७.८ ला बंद होईल अशी सोलेनॉइड झडप लावा. पीएचची कांडी आठवड्याला ७ आणि १० च्या बफरमध्ये तपासायची. शेवाळाचा थर बसला की ती खोटं वाचते.

२०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत बाहेर सोडायच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ९ आहे आणि मलकोलिफॉर्म (विष्ठेतले जंतू) १०० मिलिलिटरला १००० पेक्षा कमी. दुपारचं १० पीएचचं पाणी सोडलं तर जंतू मेलेले असूनही नमुना नापास. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात आणखी कडक आकडे असतील तर तेच पाळायचे.

मांडवीकाठ

मुद्द्याचं कोणीतरी सांगा. या ३ किलो शेवाळातून रोज तेल किती? सगळीकडे ४० टक्के, ५० टक्के वाचायला मिळतं.

रसायनीबाय

मांडवीकाठ, ते आकडे उपाशी शेवाळाचे आहेत. नायट्रोजनचा पुरवठा तोडला की पेशी वाढायचं थांबवते आणि मेद साठवते. सांडपाण्यात नायट्रोजन मुबलक, त्यामुळे पेशी प्रथिनं बनवते. इथे मेद १० ते २० टक्के मिळतो. १५ धरा, म्हणजे रोज ४५० ग्रॅम. त्यातही हरितद्रव्य आणि फॉस्फोलिपिड असतात. बायोडिझेल होण्याजोगा भाग निम्मा. हातात येणार पाव लिटर.

आता ऊर्जा पाहा. पाव लिटर बायोडिझेलमध्ये सुमारे ८ मेगाज्यूल, म्हणजे सव्वादोन युनिट. पाव अश्वशक्तीची मोटर २४ तास चालली तर साडेचार युनिट खाते. वाळवणी अजून बाकीच आहे. २० टक्के घट्ट लगदा घेतला तर १५ किलोत १२ किलो पाणी, ते उडवायला ३० मेगाज्यूल. म्हणजे तेलाच्या चौपट ऊर्जा नुसत्या वाळवण्यात. मार्चमध्ये उन्हात वाळेल, जुलैत बुरशी धरेल.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ हाच प्रश्न अभ्यासला. १९९८ च्या समारोप अहवालात शेवाळाचं तेल खनिज डिझेलच्या किमतीला टेकत नव्हतं आणि नजीकच्या काळासाठी सांडपाण्याशी जोड हाच मार्ग सुचवला होता. आपल्या हिशेबातही तेच दिसतं.

आता तोच लगदा न वाळवता गॅसच्या (बायोगॅसच्या) अवायुजीवी टाकीत घाला. ३ किलोत सेंद्रिय भाग अडीच किलोवर, किलोला सुमारे २५० लिटर मिथेन धरून ६५० लिटर. २३ मेगाज्यूल, तेलाच्या जवळपास तिप्पट. स्वयंपाकघरात रोज घनमीटरभर बायोगॅस, म्हणजे ४०० ग्रॅमहून जास्त एलपीजीची बचत. क्लोरेलाची पेशीभित्तिका चिवट असते, काही पेशी टाकीतून जिवंत बाहेर पडतात. म्हणून लगदा एकटा घालू नका, स्वयंपाकघरातल्या खरकट्याबरोबर कालवा. नुसत्या शेवाळात नायट्रोजन जास्त असल्याने टाकीत अमोनिया साठतो. खरकट्यातला भात-पाव ते प्रमाण सुधारतो.

मांडवीकाठ

म्हणजे तेलाचा नाद पूर्ण सोडायचा? शिकण्यासाठी म्हणून तरी एकदा काढून पाहायचं असेल तर?

रसायनीबाय

पाहा जरूर, पण छोट्या प्रमाणात. वाळवून दळलेलं १०० ग्रॅम शेवाळ, हेक्झेन (तेल विरघळवणारा द्रव) ५०० मिलि, सहा तास सॉक्सलेटमध्ये (द्रव पुन्हापुन्हा फिरवून तेल काढणारं काचेचं उपकरण). हेक्झेन आणि मिथेनॉल दोन्ही पेटतात, मिथेनॉलची वाफ डोळ्यांना आणि मज्जातंतूंना घातक. धुराड्याखाली, उघड्या ज्योतीपासून दूर, फक्त पाण्याच्या गरम कुंडावर.

तेलाचं बायोडिझेल मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याने होतं, पण शेवाळाचं तेल थेट कॉस्टिकवर घेतलं की साबण होतो, कारण मुक्त मेदाम्ल जास्त असतं. आधी मोजा. १ मिलि तेल १० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, फिनॉल्फ्थेलिनचे दोन थेंब, लिटरला १ ग्रॅम कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंबाथेंबाने, गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकेपर्यंत. जितके मिलि लागले तितके ग्रॅम अधिक साडेतीन, हे लिटरभर तेलाला लागणारं कॉस्टिक. मेदाम्ल २ टक्क्यांच्या वर असेल तर आधी गंधकाम्ल घालून मिथेनॉलबरोबर ६० अंशांवर आम्ल पायरी करायची, पाणी वेगळं काढायचं, मगच कॉस्टिक. तेलात अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी राहिलं तरी सगळं फसतं.

ज्यांना खरंच बायोडिझेल हवं त्यांनी तळणीच्या तेलाकडे वळावं. शॅक आणि हॉटेलांच्या कढईतून निघणारं तेल शेवाळापेक्षा कितीतरी सोपं. एकूण ध्रुवीय घटक (तेल पुन्हापुन्हा तापून खराब होताना बनणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल स्वयंपाकात वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची २०१८ पासून मनाई आहे, आणि त्याच वर्षी ‘रुको’ नावाने ते गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याचा उपक्रम सुरू झाला. लिटरभर तेलातून जवळपास लिटरभर बायोडिझेल होतं.

चिरेबंदी

रसायनीबायचा हिशेब मी विजेच्या बाजूने पुरा करतो. १० केएलडीच्या (दिवसाला १० हजार लिटरच्या) छोट्या एमबीबीआरला १ अश्वशक्तीचा ब्लोअर २० तास चालला तर १५ युनिट. पॅडल व्हीलला साडेचार, तेही रात्री वेग कमी केला तर साडेतीन. दिवसाला दहाएक युनिट वाचले. पाव लिटर तेलात सव्वादोन युनिट. या तळ्याचं खरं इंधन ते दहा युनिट आहेत, आणि त्यासाठी काहीही पिळावं लागत नाही.

सुंगटवाडा

शेवाळ पाण्यातून काढायचं कसं? लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम, पेशी पाच मायक्रॉनची, कपड्यातून सरळ पार होते. तुरटी वापरू का? कोळंबीच्या सालांपासून कायटोसान करतात, तो आपल्याकडे स्वस्त पडेल का?

पीएचमीटर

तुरटी चालते, लिटरला १०० ते २५० मि.ग्रॅ. पण तो ॲल्युमिनियम गाळात राहतो, गॅसच्या टाकीत आणि खतात नको. वर तुरटी क्षारता खाते, आणि ती आपल्याकडे आधीच कमी. चुन्याने पीएच ११ वर नेलं की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बसताना शेवाळ ओढून नेतं. आपल्या मऊ पाण्यात मॅग्नेशियमच तोकडं, म्हणून जांभ्याच्या भागात ही युक्ती अर्धवट चालते.

कायटोसान एक टक्का ॲसेटिक आम्लात विरघळवून, पीएच ७ च्या आसपास, लिटरला २० ते १०० मि.ग्रॅ. ३० ने काम झालं तरी १० घनमीटरला रोज ३०० ग्रॅम, महिन्याला ९ किलो. घरी बनवणं हा वेगळा रासायनिक धंदा आहे: आधी हायड्रोक्लोरिक आम्ल, मग कॉस्टिक, मग ४०-५० टक्के कॉस्टिकमध्ये उकळी. त्याचं सांडपाणी मूळ सांडपाण्यापेक्षा वाईट. खाऱ्या पाण्यात तर कायटोसान गोळे धरत नाही, तेव्हा खाजनाच्या कडेला भरतीचं पाणी शिरणाऱ्या तळ्यांनी त्याचा विचार सोडावा.

सर्वांत स्वस्त मार्ग निवडीचा. ६० अंश उताराची शंकूच्या तळाची निवळ टाकी लावा, वरचा पृष्ठभाग दीड-दोन चौरस मीटर. जे शेवाळ आपणहून बसतं त्यातलं रोज दहा टक्के परत तळ्यात सोडा. हळूहळू सुट्या क्लोरेलाऐवजी गोळे आणि वसाहती करणाऱ्या जाती, जसं पेडिॲस्ट्रम, वरचढ होतात, कारण बसणाऱ्यांना आपण परत आणतो आणि न बसणारे वाहून जातात. न्यूझीलंडमधल्या तळ्यांवर हे नीट तपासलं गेलं आहे. काढणी पहाटे करा. दुपारी ऑक्सिजनचे बुडबुडे गोळ्यांना चिकटतात आणि बसलेलं शेवाळ वर येतं.

पाटाचं_पाणी

परवापर्यंत गर्द हिरवं असलेलं तळं दोन दिवसांत चहाच्या रंगाचं आणि नितळ झालं तर काय समजायचं? आणि काजूच्या हंगामात फेणीच्या भट्टीचं पाणी यात सोडता येईल का?

खाजनकार

पहिल्याचं कारण बहुतेक वेळा रोटिफर, म्हणजे शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणी. मिलिलिटरला शंभरापर्यंत पोचले की दोन दिवसांत ९० टक्के शेवाळ फस्त होऊ शकतं. म्हणून आठवड्यातून दोनदा १०० पट सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहायचा. मिलिलिटरला पाच-दहा दिसले की हालचाल करा: कार्बन डायऑक्साइड बंद, चुन्याचं पाणी घालून पीएच साडेदहा-अकरा, दोन-तीन तास, मग कार्बन डायऑक्साइड सोडून परत आठवर. त्या दिवशी पाणी बाहेर सोडायचं नाही. अंडी उरतात, म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहायचं. नेहमीच्या तळ्यापासून वेगळं ५०० लिटरचं राखीव बियाणं जाळीखाली ठेवा, तळ्याच्या १० टक्के भरायला लागणारं ६ हजार लिटर त्यातून दहाएक दिवसांत वाढवता येतं.

रोटिफर नसतील तर हाउसकीपिंगकडे विचारा. ब्लीच आणि क्वॉटर्नरी अमोनियमची जंतुनाशकं थोड्या प्रमाणातही शेवाळ मारतात. लाँड्रीचं पाणी वेगळं वळवा. स्वयंपाकघराच्या वाटेवर अर्धा तास मुक्कामाचा तेलसापळा असावा, कारण पृष्ठभागावर तेलाचा तवंग आला की उजेड अडतो.

भट्टीत उरलेलं पाणी तळ्यात कधीच नको. आम्लधर्मी, गडद रंगाचं, मळाचा भार सांडपाण्याच्या अनेकपट. रंगानेच उजेड बंद होतो. चुन्याने पीएच ७ वर आणून गॅसच्या टाकीत रोजच्या भरणाच्या विसाव्या भागापासून सुरुवात करा. गॅस कमी झाला किंवा आंबट वास आला की थांबा.

सुंगटवाडा

नमुन्याबद्दल एक राहिलं. बीओडी गाळलेल्या पाण्याचा तपासायचा की न गाळलेल्या?

पीएचमीटर

दोन्ही. बीओडीची बाटली पाच दिवस (किंवा २७ अंशांवर तीन दिवस) अंधारात असते, त्यात शेवाळ ऑक्सिजन खातं आणि आकडा फुगतो. गाळलेला १० आणि न गाळलेला ४० आला तर शुद्धीकरण नीट चाललंय, निवळ टाकी कमी पडते आहे. दोन्ही ३० च्या वर गेले तर भार जास्त झाला आहे किंवा उजेड कमी पडतोय. मंडळ न गाळलेलाच धरतं, तेव्हा निवळीनंतर वाळूची संथ गाळणी लावून घ्या. वरचा सेंटीमीटरभर थर पंधरवड्याला खरवडून माडाच्या अळ्यात टाकायचा. आणि हे शेवाळ गुरांना किंवा मासळीला खाद्य म्हणून देऊ नका, मळातले जंतू आणि जड धातू त्यात अडकलेले असतात.